ठाण्याच्या मलिकाचा पश्चात्ताप

खोपटच्या एसटी स्थानकातून बाहेर पडून तलावपाळीच्या दिशेने चालू लागले की काही वेळाने सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चची जुनी वास्तू लागते. ठाण्याचा ख्रिस्ती इतिहास म्हटला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर हीच वास्तू येते आणि तिच्या मागोमाग पोर्तुगीज. पोर्तुगीजांचे पहिले जहाज हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागले ते १४९८ साली. ही हकिगत त्याच्याही १७७ वर्षे आधीची आहे.

१३२१ साली ठाण्याच्या मलिकाने चार परदेशी साधूंना ठार करवले. मध्ययुगात अशा घटना विरळ नव्हत्या. विरळ आहे ते पुढचे. या हत्येची हकिगत ज्या ख्रिस्ती लेखकाने जपली, त्याने मारेकऱ्याच्या पश्चात्तापाचीही नोंद केली, आणि त्या पश्चात्तापाला क्षमा मिळाली की नाही याविषयी मात्र अवाक्षर काढले नाही.

त्या वेळचे ठाणे म्हणजे खाडीकाठचे गजबजलेले बंदर. १३१८ मध्ये देवगिरीचे यादव राज्य कायमचे संपले आणि कोकणपट्टीच्या या भागात दिल्लीचा अंमल आला. १३२० मध्ये दिल्लीतही सत्ता पालटली, खिलजी गेले आणि गियासुद्दीन तुघलक तख्तावर बसला. ठाण्यात सुलतानाच्या वतीने कारभार पाहणारा अधिकारी म्हणजे मलिक, आणि न्यायनिवाडा करणारा काझी. शहरात हिंदू होते, मुसलमान होते आणि सुमारे पंधरा घरे नेस्टोरियन ख्रिस्ती लोकांची होती. हे ख्रिस्ती रोमच्या पोपला मानणारे नव्हते. त्यांचा धर्मसंबंध इराण आणि इराकमधील पूर्वेकडील चर्चशी होता, आणि ते आपल्या साधूंना ‘रब्बान’ म्हणत. हा शब्द पुढे पुन्हा येणार आहे.

अशा ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू येऊन पोहोचले. खरे तर त्यांना ठाण्याला यायचेच नव्हते. होर्मुझहून निघालेल्या त्यांच्या प्रवासाचे लक्ष्य होते केरळातील कोल्लम आणि तेथून पुढे चीन. जहाजाने त्यांना ठाण्याला आणून सोडले. चौघांची नावे त्यांच्या गावांसह टिकून आहेत: तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्रियुस. दिमित्रियुसला पूर्वेकडील भाषा येत होत्या, म्हणून तो दुभाष्याचे काम करी.

थॉमस साठी ओलांडलेला होता. तरुणपणी दारिद्र्याचे व्रत अगदी कडकपणे पाळण्याच्या आग्रहापायी त्याच्या स्वतःच्याच संघाच्या वरिष्ठांनी त्याला तुरुंगात टाकले होते. १२८९ मध्ये निवडून आलेल्या संघप्रमुखाने त्याला सोडवून आर्मेनियाकडे धाडले. पुढे १३०७ मध्ये चीनमधील ख्रिस्ती मिशनची पत्रे घेऊन तो पोपच्या भेटीला गेला. म्हणजे शिक्षा म्हणजे काय आणि सुटका म्हणजे काय, हे त्याने ठाण्याला येण्याआधी भोगलेले होते. त्यांच्याबरोबर जॉर्डनस नावाचा एक फ्रेंच डोमिनिकन साधूही होता. स्थानिक ख्रिस्ती लोकांची विचारपूस करण्यासाठी तो सोपारा आणि भरूचच्या दिशेने निघून गेला आणि त्यामुळे वाचला.

संकटाची सुरुवात एका घरगुती भांडणातून झाली. ज्या नेस्टोरियन कुटुंबात चौघे उतरले होते, तेथे नवऱ्याने बायकोला मारहाण केली. ती बाई सरळ काझीकडे फिर्याद घेऊन गेली. पुरावा काय, असे विचारल्यावर तिने घरात उतरलेल्या चार फिरंगी रब्बानांची साक्ष सांगितली. नवऱ्याच्या मारहाणीविरुद्ध न्यायाधीशाकडे दाद मागणारी ही ठाण्यातील ख्रिस्ती स्त्री इतिहासात अवघ्या दोन-तीन ओळींपुरती दिसते आणि नाहीशी होते. तिच्या फिर्यादीचे पुढे काय झाले, हे कोणीच लिहून ठेवले नाही.

साधू काझीपुढे आले आणि मारहाणीचा विषय बाजूला पडला. वाद धर्मावर गेला. पैगंबरांविषयी काय मत आहे, असा प्रश्न वारंवार विचारला गेला आणि अखेरीस थॉमसने अतिशय कठोर उत्तर दिले. त्या शब्दांचा परिणाम काय होईल, हे त्याला ठाऊक नव्हते असे म्हणणे कठीण आहे. आजचा वाचक त्याला धाडस म्हणेल किंवा अविचार म्हणेल. त्या काळच्या फ्रान्सिस्कनांच्या दृष्टीने ती साक्ष होती.

साधूंना एप्रिलच्या उन्हात उघड्या डोक्याने उभे करण्यात आले. मग जेम्सला आगीत लोटले गेले. हकिगत सांगते की तो दोनदा आगीतून सुखरूप बाहेर आला. हा चमत्कार मानायचा की संतचरित्रातील ठरावीक प्रसंग, हा प्रश्न येथे बाजूला ठेवता येतो. महत्त्वाचे आहे ते मलिकाचे त्या क्षणीचे वागणे. त्याने साधूंचे कपडे परत दिले, काझी तुमच्या जिवावर उठला आहे असे बजावले आणि रात्र पडता पडता त्यांना खाडीचा एक फाटा ओलांडून पलीकडच्या वस्तीत पोहोचवले. तेथे त्यांना आसरा मिळाला तो एका हिंदू माणसाच्या घरी.

मलिकाचा अपराध नीट समजून घ्यायचा तर हा तपशील विसरून चालणार नाही. हे लोक मारण्याजोगे नाहीत, हे त्याला कळले होते. तसे त्याने कृतीने दाखवलेही होते. त्यानंतर काझीने त्याचे मन वळवले आणि त्याने चार हत्यारबंद माणसे पाठवली. अज्ञानातून झालेला अपराध वेगळा आणि समजून उमजून, दुसऱ्याच्या दडपणाखाली केलेला अपराध वेगळा. ख्रिस्ती नीतिशास्त्र या दुसऱ्या प्रकाराला अधिक जड मानते.

मारेकऱ्यांना साधू आधी सापडलेच नाहीत. त्यांनी त्या भागातील ख्रिस्ती लोकांना पकडून कोठडीत टाकले. मध्यरात्री साधू प्रार्थनेसाठी उठले तेव्हा ते दिसले. त्यांना एका झाडाखाली नेऊन मारेकऱ्यांनी सांगितले की हे काम आमच्या मनाविरुद्ध आहे, तुम्ही सज्जन माणसे आहात, पण हुकूम पाळला नाही तर आमची बायकामुले मरतील. साधूंनी त्यांना हुकूम पाळण्यास सांगितले. थॉमस, जेम्स आणि दिमित्रियुस तेथेच मारले गेले. सामानाजवळ मागे राहिलेला पीटर त्यानंतर दोन दिवसांनी पकडला गेला आणि त्याचेही हाल करून त्याला ठार करण्यात आले. तो झावळ्यांच्या रविवारच्या आधीचा आठवडा होता, म्हणजे उपवासकाळाचा शेवट. १२१५ च्या चौथ्या लॅटरन धर्मसभेने प्रत्येक ख्रिस्ती माणसाने वर्षातून किमान एकदा पापनिवेदन करावे आणि ईस्टरला ख्रिस्तप्रसाद घ्यावा, असा नियम केला होता. युरोपभर लोक चर्चमध्ये आपली पापे सांगत होते, त्याच दिवसांत ठाण्यात हे घडत होते.

हत्येच्या रात्री मलिकाला स्वप्न पडले. तेच साधू हातात सूर्यासारख्या झळाळत्या तलवारी घेऊन त्याच्यासमोर उभे होते आणि त्याचे तुकडे करण्याची धमकी देत होते. तो किंचाळत उठला. घरची माणसे धावत आली. ज्यांना मारण्याचा हुकूम दिला ते फिरंगी रब्बान तलवारी घेऊन आले आहेत, एवढेच तो सांगू शकला. मग त्याने काझीलाच सल्ला विचारला. सुटका हवी असेल तर त्यांच्या नावाने मोठा दानधर्म कर, असे काझीने सांगितले.

मलिकाने तीन गोष्टी केल्या. कोठडीतील ख्रिस्ती लोकांना बोलावून घेतले, त्यांची नम्रपणे क्षमा मागितली आणि आपण तुमचे सोबती आणि भाऊ आहोत असे सांगून त्यांना सोडून दिले. यापुढे ख्रिस्ती माणसाला कोणी उपद्रव दिला तर त्याला देहदंड होईल, असे फर्मान काढले. आणि मारल्या गेलेल्या साधूंच्या सन्मानार्थ चार मशिदी बांधवून त्यांत कायमचे मौलवी नेमले.

ही शेवटची गोष्ट वाचताना क्षणभर थबकायला होते. ख्रिस्ती हुतात्म्यांच्या स्मरणार्थ मशिदी! पण मलिकाच्या बाजूने पाहिले तर यात विसंगती नाही. त्याला जे सर्वांत पवित्र देणे माहीत होते, ते त्याने दिले. इस्लाममध्ये तौबा म्हणजे अपराध थांबवणे, त्याबद्दल मनापासून खंत वाटणे आणि पुन्हा न करण्याचा निश्चय करणे. अपराध दुसऱ्या माणसाचा असेल तर चौथी अटही असते: ज्याचा हक्क हिरावला त्याला तो परत करणे. मेलेल्यांना प्राण परत देता येत नाहीत. म्हणून मलिक जिवंत असलेल्यांकडे वळला. एखाद्या हुतात्माचरित्रात प्रचारासाठी रचून घालावा असा हा तपशील नाही. एका ख्रिस्ती साधूला मशिदींचे बांधकाम गौरवाने सांगण्याची काहीच गरज नव्हती. त्यामुळे आगीच्या चमत्कारापेक्षा चार मशिदींवर विश्वास ठेवणे सोपे जाते. त्या भव्य नसाव्यात. लहानशी नमाजाची जागा त्या काळी फारसा वेळ न घेता उभी राहत असे.

आता मूळ प्रश्न. हा पश्चात्ताप खरा होता का? तो भीतीतून आला होता. स्वप्नात तलवारी दिसल्या नसत्या तर कोठडीची दारे उघडली असती का?

या प्रश्नावर युरोपातील विद्यापीठांत त्याच काळात कडाक्याची चर्चा चालू होती. ख्रिस्ती परंपरेत प्रायश्चित्त संस्काराची तीन अंगे मानली जातात: पश्चात्ताप, पापनिवेदन आणि भरपाई. गोव्यात पापनिवेदनाला ‘कुमसार’ म्हणतात, तो शब्द पोर्तुगीजांबरोबर आला. यातील पहिल्या अंगाचे बाराव्या-तेराव्या शतकातील पंडितांनी दोन प्रकार केले. देवावरील प्रेमापोटी पापाचा तिटकारा येतो तो पूर्ण पश्चात्ताप. शिक्षेच्या, नरकाच्या भयाने येतो तो अपूर्ण. थॉमस अक्वायनसने भयाचेही दोन प्रकार सांगितले: मार बसेल म्हणून दासाला वाटते ते भय आणि बापाचे मन दुखावेल म्हणून मुलाला वाटते ते भय. मलिकाचे भय दासाचे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही.

पण अपूर्ण म्हणजे निरुपयोगी का? १३०८ मध्ये निवर्तलेला डन्स स्कोटस हा मारल्या गेलेल्या चौघांच्याच संघातला, फ्रान्सिस्कन. संस्कार मिळाला तर अपूर्ण पश्चात्तापही पुरतो, अशी त्याची बाजू होती. त्याच्याही कितीतरी आधी संत ऑगस्टिनने भीतीला सुईची उपमा दिली होती. सुई कापडात शिरते ती तेथे राहण्यासाठी नव्हे, तिच्या मागून दोरा यावा म्हणून. भीती पुढे जाते आणि प्रेम मागून येते. १५५१ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने अपूर्ण पश्चात्ताप हीसुद्धा देवाची देणगी आहे आणि ती माणसाला क्षमेच्या दिशेने नेते, असे ठरवून टाकले. भीतीने पश्चात्ताप करणारा ढोंगी असतो, हे मत सभेने स्पष्टपणे फेटाळले.

या कसोटीवर मलिकाची अडचण भीती ही नव्हतीच. अडचण होती संस्काराची. तो मुसलमान होता, बाप्तिस्मा झालेला नव्हता. त्याला पापक्षमा देऊ शकणारे जे धर्मगुरू ठाण्यात होते, त्यांनाच त्याने मारले होते.

ठाण्याच्या दीडशे वर्षे आधी इंग्लंडमध्ये असेच काही घडले होते. २९ डिसेंबर ११७० रोजी राजा दुसऱ्या हेन्रीच्या चार सरदारांनी कँटरबरीचा मुख्य धर्मगुरू थॉमस बेकेट याला त्याच्याच चर्चमध्ये ठार केले. तेथेही चार मारेकरी, तेथेही सत्ताधाऱ्याच्या तोंडून निघालेले शब्द, तेथेही मरणारा थॉमस. हेन्रीने आपण थेट हुकूम दिला नाही असे सांगितले, पण रागाच्या भरातील आपल्या बोलण्याने हे घडले, हे त्याला नाकारता आले नाही. १२ जुलै ११७४ रोजी तो अनवाणी पायांनी कँटरबरीला गेला, बेकेटच्या कबरीपुढे गुडघे टेकले आणि बिशप व मठवासी यांच्या हातून उघड्या पाठीवर फटके खाल्ले. ती रात्र त्याने उपाशीपोटी कबरीजवळ काढली. पुढे त्याने प्रायश्चित्त म्हणून मठही स्थापन केले. इतिहासकार यात राजकारण पाहतात आणि ते होतेच. त्याच्या मुलांचे बंड चालू होते आणि स्कॉटलंडचा राजा विल्यम सीमेवर चालून आला होता. कबरीजवळच्या रात्रीनंतरच्या सकाळी विल्यम पकडला गेला. बखरकारांनी लिहिले की राजाला क्षमा मिळाल्याची ही खूण.

हेन्रीचा पश्चात्ताप मलिकापेक्षा शुद्ध होता असे म्हणायला काही आधार नाही. त्याच्यामागे भीतीबरोबर हिशोबही होता. फरक एवढाच की हेन्रीपुढे संस्काराची वाट खुली होती, त्याला पाठीवर फटके मारून उठवणारे लोक होते आणि त्याच्यावर शिक्षा देणारा दुसरा राजा नव्हता.

मलिकावर होता. ठाण्याची बातमी दिल्लीला पोहोचली. हकिगतीनुसार सुलतानाने मलिकाला हात बांधून दरबारात आणवले आणि या माणसांना का मारलेस असे विचारले. त्यांनी आपला धर्म उलथवण्याचा प्रयत्न केला आणि पैगंबरांची निंदा केली, असे मलिकाने सांगितले. देवाने त्यांना दोनदा आगीतून वाचवलेले पाहूनही तुझा हात कसा उचलला गेला, असे म्हणून सुलतानाने त्याला त्याच्या कुटुंबासह मृत्युदंड दिला. मलिकाने दरबारात आपले स्वप्न सांगितले नाही, मशिदी सांगितल्या नाहीत, क्षमा मागितल्याचे सांगितले नाही. निदान हकिगतीत तरी तसे काही नाही. त्याने फक्त आपल्या कृत्याचे समर्थन केले. पश्चात्तापाचा खरेखोटेपणा पारखण्याची ही खरी जागा आहे. ठाण्यात वाकलेला माणूस दिल्लीत ताठ उभा राहिला. की प्राणाच्या भीतीने त्याला सुचले तेवढेच तो बोलला?

काझीला ही बातमी कळली आणि तो सुलतानाचा मुलूख सोडून पळून गेला. त्याला स्वप्न पडल्याची नोंद नाही.

मध्ययुगीन धर्मपंडितांनी दोष आणि दंड यांत भेद केला होता. देव दोष माफ करतो, पण त्या अपराधाचा या जगातील दंड उरू शकतो. बायबलमधील दावीद राजाची कथा त्यांच्या डोळ्यांसमोर असे. त्याने उरीयाच्या बायकोशी व्यभिचार केला आणि उरीयाला युद्धात मुद्दाम पुढे ठेवून मारवले. नाथान संदेष्ट्याने त्याला त्याचा अपराध दाखवला, त्याने तो कबूल केला, क्षमा झाल्याचेही नाथानने सांगितले, आणि तरीही दावीदाचे मूल दगावले. दुसरे उदाहरण शौलाचे. स्तेफनला दगडांनी मारले जात असताना मारेकऱ्यांचे कपडे सांभाळत उभा असलेला शौल पुढे पौल झाला. हुतात्म्याच्या हत्येत वाटा असलेला माणूस प्रेषित होऊ शकतो, हे चर्चच्या पायाभूत कथांपैकी एक आहे. त्यामुळे मलिकाला क्षमा अशक्य होती, असे कोणताही मध्ययुगीन धर्मपंडित म्हणू शकला नसता.

ही सारी हकिगत सांगणारा माणूस म्हणजे पोर्देनोनेचा ओडोरिक, हाही फ्रान्सिस्कन. हत्येनंतर फार काळ लोटण्याआधीच तो ठाण्याला आला आणि चौघांच्या अस्थी घेऊन समुद्रमार्गे चीनमधील झैतून बंदराकडे निघाला. १३३० मध्ये पादुआ येथे त्याने आपला प्रवास एका सहकाऱ्याला तोंडी सांगितला आणि पुढच्याच वर्षी तो वारला. एकोणिसाव्या शतकात हेन्री यूलने त्याचे इंग्रजी भाषांतर केले, म्हणून ती हकिगत आज सहज वाचायला मिळते. ही एकाच बाजूची साक्ष आहे, आणि तीही आपल्या संघातील भावांचा गौरव करणाऱ्याची. चमत्कार, स्वप्न, सुलतानाचा संताप हे सर्व हुतात्माचरित्राच्या साच्यात बसणारे आहे. सुलतानाने मलिकाला शिक्षा दिली असेल तर तिच्यामागे बंदरावर आपली पकड बसवण्याचा हेतूही असू शकतो. नव्या राजवटीला असे निमित्त उपयोगी पडते.

पण त्या साच्यात न बसणारी एक गोष्ट ओडोरिकने राहू दिली. तो मलिकाला नरकात टाकत नाही. हुतात्म्यांचे मारेकरी किड्यांनी खाल्ले जातात, वीज पडून मरतात, असे सांगण्याची त्या काळी रीत होती. ओडोरिक मशिदींची संख्या सांगतो, फर्मान सांगतो, राजदंड सांगतो आणि थांबतो. मलिकाचे नावही तो देत नाही. चार साधूंची नावे गावांसकट आली, मारणाऱ्याचे उरले ते फक्त पद.

थॉमसच्या अवशेषांपैकी त्याची कवटी पुढे इटलीत तोलेंतिनोला पोहोचली आणि १८९४ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी त्याला धन्यवादित म्हणून मान्यता दिली. जॉर्डनस वाचला होता, तो सोपाऱ्याहून धावत परत आला आणि त्याने भावांचे मृतदेह सोपाऱ्याला नेऊन पुरले. त्यानंतर तो अडीच वर्षे या किनाऱ्यावर एकटाच राहिला. जानेवारी १३२४ मध्ये त्याने ठाण्याहूनच आपल्या संघाला पत्र लिहिले. त्यात त्याने आपल्या एकटेपणाचे, आजारांचे आणि छळाचे वर्णन केले, भावांबरोबर आपल्यालाही मरण आले नाही याबद्दल दुःख केले, आणि तरीही या किनाऱ्यावर आणखी साधू पाठवावेत अशी विनंती केली.